बाकावर शेजारी कोण बसतं हा सार्वजनिक प्रश्न आहे

दरवर्षी दहावीचा रिझल्ट लागला की आमच्या ठाण्यात आठवडाभर एकच वाद नव्याने सुरू होतो. कुठल्यातरी चाळीतल्या पोराचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो, आई धुणीभांडी करते, बाप दारुडा किंवा घर सोडून गेलेला, रोजची मारहाण, आणि तरी पोराने नव्वदच्या वर टक्के काढलेत. मग एक बाजू म्हणते बघा, जिद्द असेल तर परिस्थिती आड येत नाही, आमच्या पोरांना सगळं मिळतं तरी रडतात. दुसरी बाजू लगेच म्हणते की अशा एका पोरामागे कितीजण गाळात गेले त्यांचे फोटो कोण काढतं, ही कौतुकं म्हणजे गरिबालाच दोषी ठरवायची सोय आहे, मुळात गरिबी आणि व्यसन हटवा मग बोला. दोन दिवस दोन्हीकडून भरपूर टायपिंग होतं, मग अकरावीच्या ॲडमिशनचं टेन्शन सुरू होतं आणि वाद तिथेच पडून राहतो, पुढच्या रिझल्टपर्यंत.

मला यातली कुठलीच बाजू पटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या मुलाचं बालपण घरातच मोडलंय ते एकट्याच्या जिद्दीवर बाहेर येत नाही, आणि ते गाळातच राहणार असंही कुठे लिहून ठेवलेलं नाही. असं मूल बाहेर येतं तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या बाजूला एखादा मित्र असतो किंवा मैत्रीण असते, त्या मित्राचं घर असतं, आणि रोज जायला एक शाळा असते जिथे आज का आला नाहीस असं विचारणारं कुणीतरी असतं. मैत्री त्याला टिकवते आणि शिक्षण त्याला पुढे नेतं, यातलं एक काढलं की दुसरं लंगडं पडतं. आणि आपण बोलतच नाही ती गोष्ट ही की हे दोन्ही फक्त नशिबावर नसतं. तुकड्या कशा पाडायच्या, वस्ती कुठे हलवायची, शाळेचं गेट किती वाजता बंद करायचं, कुणाला नापास करायचं, असल्या रोजच्या सरकारी आणि शालेय निर्णयांनी ते घडतं नाहीतर मोडतं. मग या निर्णयांवर वाद का होत नाही?

आधी जिद्दवाल्यांकडे येतो. जिद्दीचं उदाहरण म्हणून आपण ज्यांची नावं घेतो त्यांचीच चरित्रं जरा नीट बघा. जोतीराव फुले एक वर्षाचेही नव्हते तेव्हा आई गेली, सगुणाबाईंनी सांभाळलं. पुढे शाळेत घातलं तर लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी मधूनच काढून शेतीच्या कामाला लावलं. इथे गोष्ट संपायला काहीच हरकत नव्हती, त्या काळात हजारो मुलांची तशी संपली. पण शेजारी गफ्फार बेग मुन्शी होते, लिजीटसाहेब होते, त्या दोघांनी गोविंदरावांना समजावलं आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, तेही स्कॉटिश मिशनच्या शाळेत. विद्यार्थिदशेत सदाशिव गोवंडे यांच्यासारखे मित्र मिळाले ते पुढे शाळा काढतानाही बरोबर राहिले. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ती जागा तात्यासाहेब भिड्यांची, आणि त्या शाळांपायी वडिलांनी घराबाहेर काढलं तेव्हा आसरा दिला उस्मान शेख यांनी. आता सांगा, यात जोतीरावांची जिद्द कमी होती का? अजिबात नाही. पण त्या जिद्दीला वेळोवेळी कुणी ना कुणी पाय ठेवायला जागा दिली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

बाबासाहेबांचं तेच. पाच-सहा वर्षांचे असताना आई गेली, शाळेत शिवाशिव, परळच्या दाबक चाळीत एका खोलीत सगळा संसार. वडील पहाटे दोनपर्यंत जागायचे आणि मग मुलाला अभ्यासाला उठवायचे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या त्या मुलाशी बोलायला लागले ते कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजी आपण पटकन विसरतो. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराला तेच पुढे होते, स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांनीच दिलं, आणि सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळवून द्यायला तेच गेले. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला १९२० मध्ये परत जायचं होतं तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली, आणि उसने पैसे दिले ते नवल भथेना या पारशी मित्राने, जो त्यांना अमेरिकेत शिकताना भेटला होता. भारतातल्या सगळ्यात बुद्धिमान माणसांपैकी एकाला जर बागेतला एक शिक्षक आणि उसने पैसे देणारा एक मित्र लागत असेल, तर तुर्भ्यातल्या किंवा कळव्यातल्या चौदा वर्षांच्या पोराने ते सगळं एकट्याच्या दमावर करून दाखवावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो?

कुणी म्हणेल ही मोठी माणसं, त्यांच्यावरून नियम काढू नका. ठीक आहे, साध्या मुलांचं बघू. दुसरं महायुद्ध संपल्यावर थेरेसिएनस्टाड्टच्या छळछावणीतून सहा लहान मुलं इंग्लंडला आणली गेली, जेमतेम तीन-चार वर्षांची, आईबाप मारले गेलेले, तान्हेपणापासून छावणीतच वाढलेली. त्यांच्यावर ॲना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये लिहिलंय. मुलं सुरुवातीला मोठ्या माणसांना मारायची, चावायची, खेळणी फोडायची. पण एकमेकांना सोडायला तयार नव्हती. एकाला बाहेर नेलं की बाकीचे अस्वस्थ व्हायचे, आपल्या ताटाआधी दुसऱ्याला मिळालं का बघायचे. आईबापांचं प्रेम ज्यांना मिळालंच नाही त्यांनी ते एकमेकांत उभं केलं होतं, आणि त्या आधारावर ती हळूहळू मोठ्यांवर विश्वास ठेवायला आणि नवी भाषा शिकायला लागली. तिथल्या लोकांनी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट काय असेल तर त्या सहाजणांना वेगळं केलं नाही, एकाच घरात ठेवलं.

आता दुसऱ्या बाजूचा मुद्दा, आणि तो वजनदार आहे हे मी आधीच मान्य करतो. गरिबी, बेकारी, दारू, जात, घरातली मारहाण, यांचा मुलाच्या शरीरावर आणि डोक्यावर परिणाम होतो आणि तो मित्राने खांद्यावर हात ठेवल्याने पुसला जात नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये सुमारे साडेनऊ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बालपणी छळ, मारहाण, घरातलं व्यसन असले अनुभव जितके जास्त तितके मोठेपणी आजार आणि व्यसनं जास्त असं स्पष्ट दिसलं. शिवाय ही मंडळी म्हणतात की मैत्रीबित्रीच्या गोष्टी सांगितल्या की सरकार सुटतं, आणि ते काही खोटं नाही. मग माझा आक्षेप कशाला आहे? आधी गरिबी जाऊ दे मग मुलाचं बघू, या हिशेबाला. गरिबी जायला जो वेळ लागेल तेवढ्यात आज सातवीत असलेली मुलगी दोन लेकरांची आई झालेली असेल. आणि त्याच गल्लीत, त्याच उत्पन्नात, तसल्याच बापाच्या घरात एक मूल तरतं आणि दुसरं बुडतं, हे आपण सगळे बघतो ना? मग त्या दोघांत फरक कशाचा पडला हे शोधायचं की नाही?

एमी वर्नर या बाईंनी हेच शोधलं. हवाईच्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची कित्येक दशकं पाठपुरावा केला. त्यातली साधारण तिसरा हिस्सा मुलं फार वाईट परिस्थितीतली, गरिबी, भांडणं, व्यसनी किंवा मनोरुग्ण पालक. अशा मुलांमधली तीनातली एक तरीही नीट, माया असलेली, पायावर उभी राहिलेली माणसं झाली. त्यांच्यात जे सारखं सापडलं त्यातली मोठी गोष्ट म्हणजे घरातल्या बिघाडाबाहेरचं एखादं घट्ट नातं, आजी, शेजारीण, शिक्षक, मित्र. आणि या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. बाकीच्या दोन हिश्श्यांतली, म्हणजे ज्यांचं किशोरवयात बिघडलं होतं त्यांच्यातलीही बरीचशी तिशी-चाळिशीत सावरली, कारण पुन्हा शिकायची संधी मिळाली, नोकरी मिळाली, चांगला जोडीदार मिळाला. म्हणजे सोळाव्या वर्षी गेलं ते गेलं असं नसतं. आपल्याकडे हे कळलेली माणसं होती, फुले दांपत्याने १८५५ मध्येच कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. आज सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या मुलाकडे आपण नापास म्हणून बघतो, खरं तर आपली व्यवस्था अजून जिवंत असल्याचा तो पुरावा आहे.

यातलं थोडं मी स्वतः बघितलंय म्हणून सांगतो. मी वागळे इस्टेटमधल्या चाळीत वाढलो. वडिलांची कंपनी बंद पडली, देणी अडकली आणि ते प्यायला लागले, त्या काळात आमच्या आसपास हे बऱ्याच घरांत झालं. रात्री आवाज चढला की मी दप्तर उचलून चार खोल्या सोडून मित्राकडे जायचो. त्याची आई, काकी म्हणायचो आम्ही, काही विचारायची नाही. 'हात धू, बस,' एवढंच, आणि पुढ्यात ताट. त्याचे वडील पहाटे फर्स्ट शिफ्टला जायचे म्हणून नऊ वाजताच खाली दिवा बंद, आम्ही दोघं माळ्यावर, डोक्यावर तापलेला पत्रा, उजेड खाली जाऊ नये म्हणून बल्बला वहीच्या पुठ्ठ्याची टोपी. तो प्रश्न विचारणार, मी उत्तर देणार, मग उलटं, सगळं कुजबुजत. शाळेत एक मॅडम होत्या त्यांनी मला लायब्ररीच्या कपाटाची चावी दिली, म्हणाल्या पुस्तकांची नोंद तू ठेव. त्यामुळे शाळा सुटल्यावर थांबायला मला कारण मिळालं, आणि उशिरा घरी गेलो तर सांगायलाही. या तिघांपैकी कुणी मला उपदेश केला नाही, तुझ्यात फार जिद्द आहे असंही कुणी म्हणालं नाही. त्यांनी बसायला जागा दिली, करायला काम दिलं, आणि उद्या हा येणार हे धरून चालले.

आमच्याच वर्गात आणखी एक मुलगा होता, गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे, घरची तऱ्हा माझ्यासारखीच. आठवीत मध्येच त्यांची खोली विकली गेली आणि ते दिवा स्टेशनकडे राहायला गेले. नव्या शाळेत त्याला शेवटच्या तुकडीत टाकलं, ओळखीचं कुणी नाही, दोन-चार दांड्या झाल्या, विचारायला कुणी नाही, मग दांड्यांचीच सवय झाली. नववीत शाळा सुटली. जिद्द कमी पडली म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, जूनमध्ये त्याच्यात जी जिद्द होती ती दिवाळीपर्यंत कुठे गेली? आणि सगळा परिस्थितीचा दोष म्हणणाऱ्यांनीही सांगावं, परिस्थिती तर आमची दोघांची एकच होती.

मुलींच्या बाबतीत तर मैत्रीण म्हणजे शाळेत जायची वाटच असते. गेली काही वर्षं मी रविवारी तुर्भ्याला मुलांचा अभ्यास घ्यायला जातो. तिथल्या दोघी ठाणे-बेलापूर रोड ओलांडून रोज बरोबर शाळेत जायच्या. एकीचं लग्न ठरलं आणि तिची शाळा बंद झाली, तर पुढच्याच महिन्यात दुसरीच्या घरचे म्हणाले, आता ही एकटी कशी जाणार? दुसरीचे मार्क चांगले होते, घरात विरोध नव्हता, फी माफ होती, वह्या मिळत होत्या, सगळ्या योजना लागू होत्या. कमी होती ती फक्त बरोबर चालणारी. शेवटी वरच्या गल्लीतल्या एका मुलीशी तिची गाठ घालून दिली आणि ती परत जायला लागली. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपण आजारी म्हणून इथे आहोत तर तिकडे फातिमाला, म्हणजे बरोबर शिकवणाऱ्या फातिमा शेख यांना, त्रास पडत असेल, अशी काळजी आहे. दगडशेण झेलत शाळेत जाणाऱ्या बाईलाही दुसरी बाई सोबत लागत होती. आपल्या मुलींना सायकली देणाऱ्या, भत्ता देणाऱ्या योजना चांगल्याच आहेत, पण दोघीतिघींना एकत्र शाळेत ठेवायचं, एकीचं नाव कमी होताना दुसरीचं काय होईल हे बघायचं, हे कुणाच्या कामात लिहिलेलं आहे?

आता सगळ्यात जोरदार आक्षेप, आणि तो वरच्या दोघांचा नाही, तो आईबापांचा आहे. मित्रच तर बिघडवतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पहिली सिगारेट मित्रच देतो, व्हाइटनर हुंगायला मित्रच शिकवतो, क्लासला दांडी मित्रामुळेच होते. मी हे शंभर टक्के मान्य करतो. एवढंच नाही, याला अभ्यासाचाही आधार आहे. थॉमस डिशन, जोन मॅकॉर्ड वगैरेंनी १९९९ मध्ये दाखवलं की वाया चाललेल्या किशोरवयीन मुलांना सुधारण्यासाठी म्हणून एकत्र गोळा केलं तर कधीकधी ती जास्त बिघडतात, कारण गटात ज्या वागण्याला हशा मिळतो तेच ती पुन्हा करतात. पण आता हेच घेऊन आपल्या शाळांकडे बघा. आपण मार्कांवर तुकड्या पाडतो. अ तुकडीत हुशार, शेवटच्या तुकडीत ढ, आणि त्या शेवटच्या तुकडीत कोण असतं? ज्यांच्या घरात अभ्यासाला जागा नाही, झोप नाही, रात्री भांडणं आहेत, तीच मुलं. म्हणजे जी गोष्ट करू नका असं सांगितलंय नेमकी तीच आपण शाळेच्या वेळापत्रकात बसवलीय, आणि मग म्हणतो संगत वाईट! संगत आकाशातून पडली नाही, ती आपण यादी करून, सही-शिक्का मारून तयार केली. तेच नापास करण्याचं. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मुलांना मागे ठेवायला परवानगी मिळाली आणि आपल्या राज्यानेही ती वाट धरली. काही न येता मूल वर ढकललं जातं ही तक्रार खरी आहे, आठवीतल्या मुलाला भागाकार येत नाही हे मी दर रविवारी बघतो. पण ज्याला घर नाही असं मूल आपल्या वर्गाला धरून असतं, त्याला वर्गातून काढून एका वर्षाने लहान मुलांत बसवलं तर भागाकार येईल की ते गेटबाहेर उभं राहायला लागेल? भागाकार शिकवायचा असेल तर वेगळा तास घ्या, वर्ग कशाला तोडता?

आरटीईने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांचा वादही मला इथेच आणायचाय, कारण तिथेही दोन्ही बाजू फक्त फी आणि अनुदानावर भांडतात. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या राखीव जागा द्यायची गरज नाही. आमच्याकडे महापालिकेची शाळा जवळ नाही अशी जागा शोधावी लागेल, म्हणजे व्यवहारात ही तरतूद संपलीच असती. जुलैमध्ये हायकोर्टाने ती अधिसूचना रद्द केली ते बरं झालं. पण त्या काळात मी कितीतरी सुशिक्षित पालकांकडून ऐकलं की त्यांच्यासाठी पालिकेच्या शाळा आहेत ना, आमच्या मुलांच्या वर्गात कशाला, भाषा बिघडते, लेव्हल बिघडते. या भीतीत तथ्य किती? दिल्लीत २००७ पासून काही खासगी शाळांना गरीब मुलांना घ्यावं लागलं, त्याचा गौतम राव यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. श्रीमंत मुलांचे इंग्रजीचे मार्क किंचित कमी झाले, हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. गणित-हिंदीत फरक पडला नाही. आणि ती मुलं जास्त उदार झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करायला लागली. दुसरीकडे राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सात कोटींहून जास्त लोकांच्या फेसबुकवरच्या मैत्र्या तपासून दाखवलं की ज्या भागात गरीब आणि सधन घरांतले लोक एकमेकांचे मित्र असतात तिथली गरीब मुलं पुढे जास्त कमावतात. इंग्रजीचे दोन मार्क आणि एका मुलाचं सगळं आयुष्य, यात तोलायचं काय आहे?

हे आपल्यासाठी नवीनही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्याआधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली होती, त्या काळात तेवढंही फार मोठं होतं. भाऊरावांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, कमवा आणि शिका. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजी येऊन बघून गेले. ते बोर्डिंग चाललं ते फक्त फुकट जेवणामुळे का? घरापासून तुटलेल्या पोराला तिथे तीस-चाळीस भाऊ मिळत होते म्हणून चाललं. आज वाशीत कर्मवीरांच्या नावाचं कॉलेज आहे, नवी मुंबईतली किती पोरं तिथून शिकली, पण त्या बोर्डिंगमागचा विचार आपण कॉलेजच्या पाटीवर ठेवून दिला.

ठाण्यात तीन हात नाक्याला फ्लायओव्हरखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते, समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेची, कंटेनरमध्ये. सिग्नलला गजरे आणि फुलं विकणारी पोरं तिथे शिकायला लागली आणि पुढे त्यातली काही दहावी झाली. मला त्यातलं काय महत्त्वाचं वाटतं सांगतो. त्या मुलांना उचलून कुठल्या लांबच्या संस्थेत नेलं नाही. जिथे ती होती, ज्यांच्याबरोबर होती, तिथेच शाळा नेली. भावंडं, सिग्नलवरचे मित्र, सगळी टोळी एकदम शाळेत आली. एकेकट्याला वेचून काढलं असतं तर किती टिकली असती?

एक आक्षेप राहिला आणि तो मला खरंच विचार करायला लावतो. मित्रही लहानच असतो ना? ज्याच्या घरात अत्याचार होतोय अशा मुलीचं गुपित तिच्या तेरा वर्षांच्या मैत्रिणीने का सांभाळावं? बरोबर आहे, सांभाळू नये. मित्र म्हणजे समुपदेशक नव्हे, पोलीस नव्हे. पण सगळ्यात आधी कळतं ते मैत्रिणीलाच, त्यामुळे तिने कुणाकडे जायचं हे तिला माहीत असलं पाहिजे आणि तो माणूस जागेवर सापडला पाहिजे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक केलंय, न कळवणाऱ्या मोठ्यांना शिक्षा आहे, मुलांना नाही. कायद्यानेही ओझं मोठ्यांवरच ठेवलंय. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, घर मोडलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिना २२५० रुपये मिळतात. पण वर्गशिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि ॲपवर माहिती भरण्यातून पोरांकडे बघायला फुरसतच नसेल तर मैत्रिणीने सांगायचं कुणाला? शाळेतही छड्या मारणारे, जातीवरून टोमणे मारणारे शिक्षक असतात हेही मी नाकारत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारहाणीला बंदी आहे, ती बंदी पाळली जाते का हे विचारणं हा याच लढाईचा भाग आहे.

म्हणून मला पुढच्या जूनमध्ये वाद या गोष्टींवर झालेला हवाय. ठाण्यात क्लस्टर आणि एसआरए या पुनर्विकासाच्या योजनांत घरं हलतायत, दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारती रिकाम्या होतात. चांगल्या वस्तीत गेलं की मुलांचं भलंच होतं असं म्हणतात, आणि लहान मुलांच्या बाबतीत ते खरंही आहे. अमेरिकेत नव्वदच्या दशकात गरीब वस्तीतली कुटुंबं अशी हलवून बघितली, तेराच्या आत हललेल्या मुलांना पुढे फायदा झाला, पण त्यापेक्षा मोठ्या मुलांना झाला नाही, थोडं नुकसानच दिसलं. मग ट्रान्झिटच्या तात्पुरत्या घरांत पाठवताना कुटुंबाच्या कागदपत्रांबरोबर मुलं कुठल्या शाळेत, कितवीत, हे का लिहून घेत नाहीत? आठवी ते दहावीच्या मुलांना जुनी शाळा संपेपर्यंत बसचा पास द्यायला किती पैसे लागतात? संध्याकाळी पालिकेच्या शाळांच्या इमारती कुलूप लावून अंधारात उभ्या असतात आणि त्याच गल्लीत पोरांना बसायला जागा नसते. दोन वर्ग, दोन दिवे, एक शिपाई आणि एक जबाबदार माणूस रात्री साडेनऊपर्यंत, एवढ्याने अभ्यासिका होते. नगरसेवकांच्या निधीतून गेटं आणि कमानी उभ्या राहतात तिथे याला पैसे नाहीत असं मला कुणी सांगू नये. मार्कांवरच्या तुकड्या तर मोडायला एक पैसाही लागत नाही.

प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्याने तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात. बहुतेक ठिकाणी ती खिचडी आणि गणवेशाच्या सह्यांपुरतीच भरते. आपल्या मुलाच्या शाळेतल्या समितीत जा, किंवा तिथल्या पालकांना धरा आणि पुढच्या बैठकीत तीन प्रश्न लेखी विचारा. आठवीच्या तुकड्या कशावर पाडल्या, गेल्या वर्षी मध्येच नाव कमी झालेल्या मुलांच्या घरी कोण गेलं होतं, आणि संध्याकाळी वर्ग उघडा ठेवायला नेमकी कुणाची परवानगी लागते. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आमच्या भागातल्या एका शाळेत आम्ही हे सुरू केलंय, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही, तिसऱ्याला मुख्याध्यापकांनी प्रस्ताव तयार केलाय आणि तो शिक्षण विभागाकडे गेलाय.